बदनाम धंद्यातील आरोग्यधर्म

वसंत व्याख्यानमालेत धर्म, साहित्य, राजकारण आणि अर्थकारण या विषयांना मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. आजचा विषय त्या पंक्तीत सहजासहजी बसणारा नाही. ज्या चित्रपटांना आपल्याकडे ‘ब्लू फिल्म’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून म्हणतात, ते चित्रपट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कायद्याच्या कक्षेत राहून तयार होतात. त्यांत काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांच्या आरोग्याची जबाबदारी कशी उचलली, कोठे टाळली, आणि मालक व सरकार यांनी त्या कामी काय केले व काय केले नाही, याचा सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आम्हांस मांडावयाचा आहे. हे चित्रपट असावेत की नसावेत, हा आजचा प्रश्न नव्हे. खाणीतला कोळसा पुढे कोणी कशासाठी जाळतो, यावर खाणकामगाराच्या फुप्फुसाची किंमत ठरत नाही. तोच न्याय येथे लावावयाचा आहे.

असल्या विषयावर उघड बोलणे मराठीला नवे आहे, असेही कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. गुप्तरोगांविषयी त्यांनी वैद्याच्या भाषेत लिहिले. त्यांत भीती घालणे नव्हते आणि चवीने बोलणेही नव्हते. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली, आणि तरीही शिक्षा झालीच. ज्या भाषेने ही किंमत एकदा मोजली आहे, त्या भाषेत आज संकोच करण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्न साधा आहे. ज्या कामात देहाचा देहाशी संबंध येतो, त्या कामात रोग पसरू नये म्हणून जबाबदार कोण? सरकार, मालक, की काम करणारी व्यक्ती? आणि ज्याला आपण तपासणीचा दाखला म्हणतो, तो नेमके काय सिद्ध करतो? कॅलिफोर्नियाचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. परंतु या प्रश्नांचे पहिले सरकारी उत्तर कॅलिफोर्नियात दिले गेले नाही. ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने दिले आणि आपल्या मुंबईने ते भोगले. म्हणून आरंभ तेथून करणे इष्ट.

इंग्लंडच्या पार्लमेंटाने १८६४ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला आणि १८६६ व १८६९ साली तो वाढविला. हिंदुस्थानात १८६८ च्या चौदाव्या कायद्याने तीच व्यवस्था आली. मुंबईत ती १८७० साली लागू झाली, १८७२ साली थांबली, १८८० साली पुन्हा आली आणि १८८८ साली कायदाच रद्द झाला. व्यवस्था अशी होती : वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीने आपले नाव नोंदवावे, ठरलेल्या मुदतीत सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात डांबून राहावे. यामागील हेतू लपविलेला नव्हता. गोऱ्या शिपायाला गुप्तरोग होऊन पलटणीची ताकद कमी होऊ नये, एवढाच तो हेतू होता. म्हणून तपासणी स्त्रीची झाली. शिपायाला तसे पकडून कोणी तपासले नाही. दोघांमध्ये वावरणारा रोग एकाच्याच अंगावर शोधावयाचा, अशी ही तऱ्हा होती.

त्यातही त्या काळच्या डॉक्टरांपाशी साधन कोणते होते? परम्याचा जंतू १८७९ साली सापडला, उपदंशाचा १९०५ साली. उपदंशाची रक्तपरीक्षा १९०६ साली निघाली. त्यापूर्वी डोळ्यांनी दिसेल तेवढेच निदान आणि पारा हाच मुख्य उपचार. म्हणजे ज्या दाखल्यासाठी स्त्रीची अब्रू घेतली जात होती, तो दाखला वैद्यकदृष्ट्या जवळजवळ पोकळ होता. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर या बाईंनी १८६९ पासून या कायद्याविरुद्ध चळवळ उभारली आणि १८८६ साली तो रद्द करविला. या प्रकरणातून तीन धडे निघतात. एक, तपासणी कोणाच्या हितासाठी आहे ते आधी विचारावे. दोन, एकाच पक्षाची तपासणी ही तपासणीच नव्हे. तीन, ज्यांच्यावर नियम लादावयाचा, त्यांचा विश्वास नसेल तर ती माणसे नियमापासून पळतात आणि रोग त्यांच्याबरोबर अंधारात जातो. हे धडे हाताशी ठेवून आता शंभर वर्षे पुढे जाऊ.

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस सॅन फर्नांडो नावाचे खोरे आहे. हॉलिवूडचे छायाचित्रकार, प्रकाशयोजक, रंगभूषाकार जवळच राहतात, बंगले भाड्याने मिळतात, ऊन बारमाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत हे खोरे या चित्रपटांचे माहेरघर बनले. तरीही धंद्याच्या डोक्यावर कायद्याची तलवार टांगलेली होतीच. हॅरोल्ड फ्रीमन नावाच्या निर्मात्याने पैसे देऊन नट्यांना कामास लावले, म्हणजे त्याने वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया मिळविल्या, असा आरोप ठेवून त्याला खालच्या न्यायालयाने दोषी ठरविले. १९८८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. दिलेला पैसा अभिनयाचा मोबदला आहे, देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या कामतृप्तीचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. या निकालाने धंदा उजेडात आला. पण उजेडात आलेल्या धंद्याला कामगारकायदाही लागू होतो, ही गोष्ट मालकांनी त्या वेळी मनावर घेतली नाही आणि सरकारनेही फारशी आठवण करून दिली नाही.

या धंद्यातील कामाची रीत समजल्यावाचून पुढचे कळणार नाही. येथे पगारी नोकर जवळजवळ नाहीत. नट किंवा नटी एका दिवसाच्या कामासाठी येते, ठरलेली बिदागी घेते आणि उद्या दुसऱ्या निर्मात्याकडे जाते. मालक म्हणतो, ही मंडळी माझे कामगारच नव्हेत, स्वतंत्र धंदेवाईक आहेत. निर्माते बदलतात, कलावंत तेच राहतात. सबब एका कलावंताला झालेला रोग एका कारखान्याच्या भिंतीत राहत नाही. आठवड्याभरात तो सगळ्या धंद्यात फिरू शकतो. आपल्याकडील नाक्यावरचा मजूर आणि ही मंडळी यांत या दृष्टीने फरक थोडा आहे.

आणि मग तो रोग आला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्युमोनियाची टिपणी छापून आली. एड्सची ती पहिली नोंद. १९८५ साली रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. मार्च १९८८ मध्ये या चित्रपटांतील अत्यंत गाजलेला एक नट एड्सने वारला. आपल्याला लागण झाल्याचे कळल्यानंतरही तो युरोपात जाऊन काम करून आला होता आणि सहकलावंतांना त्याने काही सांगितले नव्हते. धंद्याची नीती म्हणजे काय, हा प्रश्न या एका मरणाने सर्वांसमोर उभा केला.

या प्रश्नाला धंद्याच्या दोन शाखांनी दोन उत्तरे दिली, आणि हा या इतिहासातील फार बोधप्रद भाग आहे. समलिंगी पुरुषांचे चित्रपट काढणाऱ्यांनी आपले मित्र आणि सहकारी डोळ्यांदेखत जाताना पाहिले होते. त्यांच्यात कोणाचीही परीक्षा विचारू नये, सर्वांनी निरोध वापरावा, असा प्रघात पडला. प्रत्येकाला लागण असू शकते असे गृहीत धरावे, म्हणजे कोणाच्या कपाळी शिक्का बसत नाही, असा त्यामागील विचार. स्त्रीपुरुषांचे चित्रपट काढणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. प्रेक्षकाला निरोध आवडत नाही, चित्रपट खपत नाही, म्हणून परीक्षा करावी आणि ज्याचा दाखला स्वच्छ त्यालाच काम द्यावे, असे त्यांनी ठरविले. पहिली रीत अविश्वासावर उभी होती, पण ती सर्वांवर सारखाच अविश्वास दाखवीत होती; दुसरी विश्वासावर उभी होती, आणि तो विश्वास एका कागदावर होता.

कागद काय करू शकतो ते १९९८ साली दिसले. त्या वर्षी काही नट्यांना लागण झाल्याचे उघडकीस आले. एका नटाने दाखविलेल्या दाखल्यांविषयी संशय निर्माण झाला. तोवरची परीक्षा रक्तातील प्रतिद्रव्ये शोधणारी होती. शरीराला ती तयार करण्यास काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात रोगी माणसाचा दाखला निर्दोष येतो. शॅरन मिचेल या एकेकाळच्या नटीने त्याच साली एक आरोग्यसंस्था उभारली. ती ‘एम’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाई. या बाईंनी स्वतः बरीच वर्षे त्या धंद्यात काढली होती आणि अफूजन्य व्यसनातून त्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी परीक्षा आणली, महिन्यातून एकदा तपासणी हा नियम रूढ केला, आणि कोणाला लागण आढळली तर त्याने कोणाकोणाबरोबर काम केले ते शोधून त्यांना काम थांबविण्यास सांगण्याची व्यवस्था बसविली. सरकारी आरोग्यखात्याने करावयाचे हे काम धंद्यातल्याच एका बाईने केले. कलावंत तिच्याकडे येत, कारण ती त्यांच्यातलीच होती. मुंबईच्या लॉक हॉस्पिटलला जे कधी लाभले नाही, ते या संस्थेला लाभले.

तथापि चांगल्या व्यवस्थेलाही आपली मर्यादा असते. एक नट २००४ साली ब्राझीलमध्ये काम करून परतला. १७ मार्चची त्याची परीक्षा निर्दोष आली. ९ एप्रिलच्या परीक्षेत लागण आढळली. मधल्या तेवीस दिवसांत त्याने १३ स्त्रियांबरोबर काम केले होते. त्यांपैकी तिघींना लागण झाली. त्या नटाने कोणाला फसविले नव्हते. त्याने नियम पाळला होता, दाखला खरा होता, परीक्षा उत्तम दर्जाची होती. तरीही तीन स्त्रियांचे आयुष्य बदलले. धंदा काही आठवडे बंद राहिला आणि संपर्कातील सर्वांची तपासणी झाली. त्यामुळे लागण त्यापुढे पसरली नाही, हे श्रेय त्या व्यवस्थेचे. पण ज्या तिघींना लागण झाली त्यांना ती रोखू शकली नाही, हेही तितकेच खरे.

येथे थोडा विचार करण्यासारखा आहे. दाखल्यावर ‘१७ मार्च’ अशी तारीख असते, पण वाचणारा ती ‘आज’ अशी वाचतो. शिवाय १७ मार्चची परीक्षासुद्धा १७ मार्चची स्थिती सांगत नाही. त्यापूर्वी काही दिवस शिरलेला विषाणू तिला दिसत नाही. म्हणजे दाखला नेहमीच भूतकाळाविषयी बोलतो. हा दोष त्या धंद्यापुरता नाही. आपल्या गावोगावच्या रक्तदान शिबिरांत हाच प्रश्न असतो. भारतात रक्तपेढ्यांना एचआयव्हीची परीक्षा १९८९ सालापासून बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यास बंदी आली. ती बंदी का? पैशासाठी रक्त देणारा माणूस आपल्या आजाराविषयी खरे सांगेलच असे नाही, म्हणून. परीक्षेला न दिसणारे अंतर रक्तदात्याच्या खरेपणानेच भरून काढावे लागते. शिबिरात आपल्या हाती जो प्रश्नांचा कागद देतात, तो रिकामा उपचार नव्हे.

२००४ च्या या प्रकरणाने सरकार जागे झाले. रक्तातून पसरणाऱ्या जंतूंपासून कामगारांचे रक्षण करण्याचा नियम अमेरिकेत १९९१ सालीच झाला होता. तो परिचारिका, प्रयोगशाळेतील सेवक, सफाई कामगार यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता : मालकाने संरक्षक साधने द्यावीत, कावीळ ‘ब’ ची लस स्वखर्चाने द्यावी, अपघात झाल्यास उपचार करावेत. हा नियम चित्रपटाच्या जागेलाही लागू आहे, असे कॅलिफोर्नियाच्या कामगार-सुरक्षा खात्याने ठरविले आणि दोन निर्मितीसंस्थांना दंड केला. तत्त्व बरोबर होते. कामाची जागा ती कामाची जागा. पण निरीक्षक किती, आणि भाड्याच्या बंगल्यात एका दिवसात उरकणारी चित्रीकरणे किती! खाते तक्रारीची वाट पाही, आणि तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे.

पुढील दोन घटनांनी विश्वासाचे दोन्ही खांब हलविले. २०११ साली एका संकेतस्थळावर १२,००० हून अधिक कलावंतांची खरी नावे प्रसिद्ध झाली, आणि ती तपासणी करणाऱ्या संस्थेच्या नोंदींतून बाहेर पडल्याचा बोभाटा झाला. या धंद्यात माणसे टोपणनावाने वावरतात. खरे नाव फुटणे म्हणजे आईबापांच्या दारात, मुलांच्या शाळेत, घरमालकाच्या कानावर गोष्ट जाणे. त्याच वर्षी मे महिन्यात, फिर्यादी आणि आर्थिक ओढ यांच्या भाराखाली मिचेलबाईंची संस्था बंद पडली. दुसरी घटना २०१२ ची. एका नामांकित नटाने आपल्याला उपदंश झाल्याचा भाग झाकून दाखला दाखविला आणि काम केले. बाधितांची संख्या वाढली, धंदा पुन्हा थांबला, आणि २०१३ साली न्यायालयाने त्याला तीस दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. पहिल्या घटनेत दाखला राखणाऱ्यांकडून नोंदी फुटल्या, दुसरीत दाखला देणारा चुकला. म्हणजे परीक्षा कितीही अचूक असो, तिच्या दोन्ही टोकांस माणूस असतो आणि माणसाची नीती असते.

यातून निर्मात्यांच्या संघटनेने नवी पद्धत आणली. त्यात निर्मात्याला रोगाचे नाव दिसत नाही. अमुक कलावंत काम करण्यास ‘उपलब्ध’ आहे की ‘उपलब्ध नाही’, एवढेच दिसते. कागद हातात नसल्यामुळे खाडाखोड होत नाही, आणि कोणाचा आजार चारचौघांत जात नाही. २०१३ पासून तपासणीची मुदत चौदा दिवसांवर आली. एचआयव्हीबरोबर उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि कावीळ ‘ब’ व ‘क’ यांचीही तपासणी होऊ लागली. सुधारणा मोठी होती. एक गोष्ट मात्र बदलली नाही : तपासणीचा खर्च बहुधा कलावंताच्याच खिशातून जाई. गिरणीतील कामगाराने यंत्राचा कठडा स्वतःच्या पैशाने बसवावा, त्यातलीच ही रीत.

दरम्यान मतपेटीचा मार्ग खुला झाला होता. एड्सग्रस्तांच्या शुश्रूषेसाठी नावाजलेल्या एका मोठ्या संस्थेने पुढाकार घेतला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यातील मतदारांनी ‘मेजर बी’ हा ठराव सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर केला. त्याप्रमाणे निर्मात्याने आरोग्यखात्याचा परवाना काढावा आणि चित्रीकरणात निरोध वापरलाच पाहिजे, असे ठरले. निर्माते न्यायालयात गेले. वरिष्ठ न्यायालयाने २०१४ साली निरोधाची सक्ती उचलून धरली. परिणाम काय झाला? परवान्यांचे अर्ज एकदम घटले. काही मंडळी शेजारच्या परगण्यांत गेली, काही नेवाडा राज्यातील लास व्हेगासला गेली, काही परवान्यावाचूनच काम करू लागली. १८६८ च्या कायद्याने पळविलेल्या स्त्रिया येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये हाच नियम साऱ्या राज्याला लावण्यासाठी ‘प्रस्ताव ६०’ मतदारांपुढे आला. त्यात एक विलक्षण कलम होते. सरकारी खात्याने कारवाई केली नाही, तर राज्यातील कोणाही रहिवाशाने निर्मात्यावर दावा लावावा, अशी सोय त्यात होती. आता पुष्कळ कलावंत स्वतःच आपल्या चित्रफिती तयार करीत होते. म्हणजे दावा त्यांच्यावर येणार, आणि दाव्याबरोबर त्यांचे खरे नाव व पत्ता न्यायालयाच्या कागदांत जाणार. २०११ चा घाव ताजाच होता. २०१४ साली स्थापन झालेली कलावंतांची संघटना या प्रस्तावाविरुद्ध उभी राहिली. दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांनी आणि एड्सविषयी काम करणाऱ्या काही संस्थांनीही विरोध केला. प्रस्ताव सुमारे ५४ टक्के मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कामगार-सुरक्षा मंडळापुढे नवी नियमावली आली होती. कलावंतांनी तासन्‌तास साक्षी दिल्या आणि आवश्यक मते न मिळाल्याने ती नियमावलीही पडली.

या वादात कोणाची बाजू खरी? सक्तीच्या बाजूचे म्हणत, ज्याला उद्याचे काम हवे आहे तो आज निरोध मागणार नाही. अशा माणसाची ‘स्वेच्छा’ ही मालकाचीच इच्छा असते, म्हणून कायद्याने दुबळ्याचा हात धरला पाहिजे. यात फार तथ्य आहे. आपल्याकडील फॅक्टरी कायदा याच न्यायावर उभा होता. कलावंत म्हणत, चित्रीकरण तासन्‌तास चालते, निरोधाने अंगाला इजा होते आणि इजा झालेल्या जागी रोग लवकर शिरतो. आम्ही दर पंधरवड्याला तपासणी करतो, सामान्य जोडपे कधी करते काय? आणि नियम करताना आम्हांस कोणी विचारले? यातही तथ्य आहे. आम्हांस असे वाटते की सक्तीवाल्यांनी मालकाची सत्ता बरोबर ओळखली, पण तिच्यावरचा उपाय करताना कामगारालाच बाजूस ठेवले. निर्मात्यांनी कलावंतांचे स्वातंत्र्य तोंडभर गायिले, पण तपासणीचे पैसे देण्याची वेळ आली तेव्हा तेच कलावंत ‘स्वतंत्र धंदेवाईक’ ठरले. ज्याला नफा, त्याला खर्च, हा साधा न्याय दोघांनीही मधोमध आणून ठेवला नाही.

वैद्यकशास्त्र तोपर्यंत थांबले नव्हते. २०१२ साली अमेरिकेत एचआयव्हीची लागण टाळणारी रोजची गोळी मान्य झाली. औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका उतरला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झाले. म्हणजे ज्या माणसाला पूर्वी बाहेर हाकलीत, तो उपचार घेत असेल तर सर्वांत सुरक्षित माणसांपैकी एक ठरतो; आणि आपल्याला लागण झाली हे ज्याला ठाऊक नाही, तो खरा धोक्याचा. २०१४ साली एका नटाची परीक्षा निर्दोष आली असूनही त्याच्याकडून सहकाऱ्याला लागण झाली, आणि अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१६ साली त्याची हकीकत छापून तपासणी एकटी पुरत नाही, असा इशारा दिला. शिवाय त्या गोळीने उपदंश आणि परमा थांबत नाहीत. परम्याचे जंतू तर एकेका औषधाला दाद देईनासे होत आहेत. तेव्हा गोळी, निरोध, लस, तपासणी आणि खरे बोलणे यांपैकी एकावर सारा भार टाकून चालत नाही. एकाचे छिद्र दुसऱ्याने झाकावयाचे असते.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा या धंद्याने आपण होऊन चित्रीकरण थांबविले. वारंवार तपासणी, संपर्कशोध, निकाल येईपर्यंत काम बंद, हे शब्द जगाला नवे होते. या मंडळींना ते वीस वर्षांपासून पाठ होते. ज्यांच्याकडे कोणी शिकण्यासाठी पाहिले नसते, त्यांच्यापाशी शिकण्याजोगे काही होते. पुढे घरबसल्या चित्रफिती करून ग्राहकाला थेट विकण्याची रीत वाढली आणि मालक व कामगार पुष्कळदा एकच व्यक्ती झाली. तेथे निरीक्षक नाही, संघटना नाही. तेथे उरते ती फक्त त्या व्यक्तीची जबाबदारीची जाणीव, आणि तिला ती कोणी शिकविली असेल तर तेवढेच शिक्षण.

हे शिक्षण कोण देऊ शकते, याचे उत्तर आपल्या घराजवळही मिळते. भारतात असले चित्रपट तयार करणे गुन्हा आहे, म्हणून तो धंदा येथे उजेडात नाही आणि त्याचे आरोग्यनियमही नाहीत. पण देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून काम आरंभिले, आणि १९९६ साली त्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गल्लीतील बाईनेच गल्लीतील बाईला निरोधाविषयी सांगावे, ग्राहकाने नकार दिला तर सगळ्यांनी मिळून त्याला नकार द्यावा, ही ती पद्धत. एकटीने घातलेली अट मोडते; सगळ्यांनी मिळून घातलेली अट टिकते. कॅलिफोर्नियातील नटीला जे कळण्यास वर्षे लागली, ते कृष्णाकाठच्या या स्त्रियांनी आपल्या अनुभवातून हेरले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जबाबदार कोण? सरकार जबाबदार आहे, पण ते १८६८ च्या सरकारासारखे पहारेकरी असू नये. कामगाराची फिर्याद ऐकणारे असावे. मालक जबाबदार आहे, आणि त्याची जबाबदारी पैशांत मोजता येते : तपासणी, लस, साधने आणि काम थांबले त्या दिवसांची भरपाई. आणि काम करणारी व्यक्ती जबाबदार आहे, कारण शेवटचे अंतर तिच्या खरेपणानेच भरून निघते. पण तिला खरे बोलता यावे, म्हणून खरे बोलल्याबद्दल तिची भाकर आणि तिची अब्रू जाता कामा नये. ज्या समाजात आजार सांगणाऱ्याला हाकलतात, त्या समाजात आजार लपविला जातो. मग तो समाज कितीही दाखले मागो.

आपल्यापैकी कोणाचा या धंद्याशी संबंध नाही. पण लग्न ठरविताना परीक्षेचा कागद मागणारी घरे आता आपल्या आळीतही आहेत. तो कागद जरूर मागावा, दोन्हीकडून मागावा, आणि त्यात काय निघाले ते चारचौघांत जाऊ देऊ नये. मात्र कागद मिळाला म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नये. दाखला कालच्या दिवसाचा असतो; ज्याच्याशी आपला देह आणि आयुष्य बांधले आहे त्याच्याशी खरे वागण्याचे कर्तव्य मात्र रोजचे असते, आणि ते सभ्य घरात व बदनाम धंद्यात एकाच मापाचे असते.